‘ढ’ची फिर्याद

मराठी मुळाक्षरांत एका अक्षरावर आपण जो अन्याय केला आहे, तो दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या वाट्याला आलेला नाही. ‘क’ कमळाचा झाला, ‘ग’ गणपतीचा झाला. ‘ढ’ मात्र ढगाचा राहिला तो फक्त अंकलिपीत. वर्गात तो मागच्या बाकावरच्या पोराचा झाला. जाणकार सांगतात की, ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरे वळणे घेत बदलत गेली आणि ‘ढ’ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला; म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची रीत पडली. ही व्युत्पत्ती खरी असो की कोणा मिस्किल पंतोजीने रचलेली असो, तिच्यातली एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. अक्षर बदलले नाही म्हणून दोष अक्षराला. त्याला वळण लावू पाहणाऱ्या हाताला दोष देण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ येथे मुले शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पेठ हा गुजरातच्या सरहद्दीला टेकलेला डोंगराळ तालुका. पाऊस धो धो, शेती भात, नागली आणि वरईची, वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी आणि वारली यांची. दिवाळी आटोपली की कित्येक घरे दाराला कडी घालून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला निघतात. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक. तेव्हा मेंदूच्या रचनेवर अधिकारवाणीने बोलणे हे माझे काम नव्हे. परंतु कोणते मूल कोणत्या ओळीशी अडते, हे मी रोज पाहतो. आणि त्या पाहण्याच्या जोरावरच ही फिर्याद मांडतो आहे.

तुम्हीही हे मूल पाहिले आहे. गोष्ट सांगायला लावा, रंगवून सांगेल. झाडांची, पाखरांची नावे विचारा, मास्तरांना शिकवील. धडा वाच म्हटले तर घडाघडा म्हणेल. फक्त बोट तिसऱ्याच ओळीवर असते, कारण धडा त्याने शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ केलेला असतो. पुस्तकाचे पान बदलून मधलाच एक शब्द दाखवा, म्हणजे त्याच्या कपाळावर घाम येतो. हाच शब्द वरच्या ओळीत त्याने बरोबर वाचलेला असतो. खालच्या ओळीत तो पुन्हा अनोळखी. अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘लक्ष नाही.’ वास्तविक त्या क्षणी साऱ्या वर्गात त्याच्याइतके लक्ष कोणाचेच नसते.

ही गोष्ट काही कालपरवा कळलेली नाही. इंग्लंडातल्या सीफर्ड गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे एक डॉक्टर होते. १८९६ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, ७४९ ला ८६७ ने गुणायला सांगितले तर झटकन आणि अचूक गुणी. पण एका अवयवाचे साधे शब्द त्याला वाचता येत नसत, आणि स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून तो ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ करी. एकाहून अधिक वेळा दाखवून दिल्याखेरीज ती चूक त्याच्या ध्यानात आली नाही. मॉर्गनसाहेबांनी या प्रकाराला जन्मजात शब्दांधता म्हटले. डिस्लेक्सिया हा शब्द त्याआधी ९ वर्षे जर्मनीतल्या बर्लिन नावाच्या नेत्रवैद्यांनी काढला होता. पुढे तोच रूढ झाला. या हकिकतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्या मुलाचा शाळामास्तर. सारे शिकवणे जर तोंडी असते तर हा मुलगा शाळेत पहिला आला असता, असे त्याने डॉक्टरांना सांगितले. नाव छापले गेले डॉक्टरांचे. पण मुलगा ‘ढ’ नाही, हे वर्षानुवर्षे त्याला शिकवणाऱ्या मास्तराला ठाऊक होते.

आता आमच्याकडे या. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात मी हा विषय काढला, तेव्हा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, “गुरुजी, पेठेत कसला आलाय डिस्लेक्सिया? ही शहरातली दुखणी. इथे सगळीच मुले वाचत नाहीत.” सभागृहही हसले. मला मात्र त्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ दिसले. जिथे सगळेच वाचत नाहीत, तिथे ज्याला वाचताच येणे कठीण आहे तो ओळखायचा कसा? ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०२२ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ४३ मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले अडलेली. या गर्दीत शब्दांधतेचे मूल बेमालूम दडून जाते. मुंबईच्या इंग्रजी शाळेत चाळीस मुले फाडफाड वाचत असतात, म्हणून न वाचणारी दोन उठून दिसतात आणि त्यांच्या आया त्यांना घेऊन डॉक्टरकडे धावतात. आमच्याकडे ती दोन मुले उठून दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. मेंदू काही जकातनाका पाहून आपली घडण बदलत नाही.

शिवाय आमच्याकडे भाषेचीही एक गाठ आहे. कोकणा घरातले मूल मुलाला ‘पोसा’ म्हणते आणि ‘होता’ याला ‘हता’ म्हणते. पुस्तकात ‘राजा होता’ असे छापलेले असते आणि मूल ‘राजा हता’ असे वाचते. पहिल्याच्या वहीत ही चूक, दुसऱ्याच्या वहीतही चूक. पण एका मुलाने अर्थ ओळखून तो आपल्या आईच्या भाषेत सांगितला आहे. त्याला तर खरे वाचता येते! दुसऱ्याला ‘हो’वरचा काना-मात्रा दिसूनही त्याचा आवाज सापडलेला नाही. तिसरे मूल बिचारे माघापर्यंत द्राक्षबागेत होते, त्याला हा धडा कोणी शिकवलेलाच नाही. तिघांच्या वहीवर लाल फुली मात्र सारखीच. या तिघांना वेगळे करता येत नाही तोवर ‘पेठेत डिस्लेक्सिया नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ‘पेठेत तो एवढा आहे’ असे आकडे फेकण्याचाही नाही.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा, म्हणून अधिक घातक. ते म्हणतात, इंग्रजीची गोष्ट वेगळी. तिथे लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे. आपली देवनागरी शास्त्रशुद्ध, जसे बोलतो तसे लिहितो. मग अडेल कोण?

देवनागरीचा अभिमान मलाही आहे. पण जरा सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहा. ‘विहीर’ म्हणताना कानाला आधी व् ऐकू येतो, मग इकार. डोळ्याला मात्र आधी वेलांटी दिसते, मग ‘व’. पुढच्याच अक्षरात दीर्घ वेलांटी मुकाट्याने ‘ह’च्या मागे जाऊन उभी राहते. ‘पर्वत’ म्हणताना र् ऐकू येतो ‘व’च्या आधी, कागदावर तो ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसतो. हाच ‘र’ ‘प्रकाश’मध्ये पायात घुटमळतो, ‘राष्ट्र’मध्ये छपराच्या आकाराचा होतो, ‘वाऱ्यावर’मध्ये आडव्या कोयत्यासारखा लटकतो. एका अक्षराची ही इतकी सोंगे. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेच्या वर आकार होतात, आणि जोडाक्षरे अजून दारातच उभी असतात. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना हसण्यापूर्वी हा हिशेब करावा. आकड्यांचेही तेच. ‘एकवीस’ बोलताना आधी एक, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग एक. मूल १२ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाई मुलांची अडचण समजावून सांगत होत्या आणि आपण संस्कृती बुडाली म्हणून ऊर बडवत होतो. त्या वादात कोणी दुसरीतल्या मुलाला विचारले असते तर बरे झाले असते.

मात्र आक्षेपात एक तथ्य आहे, आणि तेच आमच्या मुलांच्या मुळावर येते. लिपी नियमित असली की शब्दांध मूल चुका कमी करते. २००१ साली इटली, फ्रान्स आणि इंग्लंड येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या अशा वाचकांची तुलना झाली. इटालियन भाषेचे लेखन उच्चाराप्रमाणे चालते. म्हणून इटालियन मंडळींनी वाचताना चुका कमी केल्या, पण मेंदूतली अडचण तिघांचीही सारखीच आढळली. मराठी मूलही बहुधा असेच अडते. ते चुकत नाही, ते हळू वाचते. ‘शे-त-क-री-स-का-ळी’ करीत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याचा आरंभ त्याच्या हातून निसटलेला असतो. अधिकारी येतात, मूल अक्षरे ओळखते म्हणून बरोबरची खूण करतात आणि पुढच्या शाळेला जातात. चुका मोजणाऱ्या परीक्षेत हे मूल पास होते, आणि इतिहासाचे पान समजून घेण्याच्या परीक्षेत ते जन्मभर नापास.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पिढ्यान्‌पिढ्या आपण ‘ग म भ न’ने अक्षरओळख करून देत आलो. का? तर एका अक्षराच्या वळणातून दुसरे अक्षर निघते, हाताला सोपे जाते. खरेच जाते. पण जे हाताला सोपे तेच डोळ्याला चकवा. ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक केवढा? एका गाठीचा. ज्या मुलाला सारखे आकार वेगळे करता येत नाहीत, त्याच्यापुढे पहिल्याच आठवड्यात सर्वांत सारखे आकार एका रांगेत उभे करायचे, ही कुठली रीत? माझ्या मते त्याच्यासाठी ‘म’ आणि ‘भ’ यांच्यामध्ये महिनाभराचे अंतर हवे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यामध्येही. आधी अगदी निरनिराळ्या तोंडवळ्याची चार-पाच अक्षरे आणि एखादी मात्रा घ्यावी, त्यांतून घरातले, रानातले शब्द करावेत आणि ते वाचता आल्याखेरीज पुढचे अक्षर आणू नये. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणतात. पडू द्या; मूल मागे पडण्यापेक्षा अभ्यासक्रम पडलेला बरा.

आणि अक्षरांच्याही आधी कान. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरते, ‘माकड’ आणि ‘मासा’ यांत सारखे काय, असले खेळ. आपल्या आजीबाई पावसाळ्याच्या रात्री भेंड्या लावीत तेव्हा हेच करीत होत्या. शब्दांध मुलाचे खरे दुखणे बहुधा डोळ्यांत नसते. शब्दातले सुटे आवाज पकडण्यात असते. (तरी चष्मा आणि कान आधी तपासून घ्यावेत. नुसते फळा न दिसणारे मूलही पुष्कळदा ‘ढ’ ठरते.)

पुढची पायरी हाताची. १९२५ साली ऑर्टन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलांवर निबंध लिहिला आणि पुढे गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिकेने त्यांच्याबरोबर पद्धत बसवली: मुलाने अक्षर पाहावे, मोठ्याने उच्चारावे, बोटाने गिरवावे, आणि हे तिन्ही एकाच वेळी करावे. आज या पद्धतीचे वर्ग शहरांत भारी शुल्क घेऊन चालतात. वाचकहो, ही आपली धूळपाटी नव्हे काय? पाटावर माती पसरून बोटाने अक्षर काढायचे आणि तोंडाने म्हणायचे. तिला आपण मागासलेली म्हणून अडगळीत टाकले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांत, बी-बिया, शिंपले आणि माती यांतून शिक्षणाची साधने उभी केली. ते ठिकाण आमच्यापासून फार लांब नाही. पण आम्ही साधन म्हटले की कपाटाला कुलूप घातलेला संच समजतो.

आता सरकारचे. श्रेय द्यायचे तिथे दिले पाहिजे. १९९६ साली, म्हणजे पर्सीची हकीकत छापल्याला बरोबर शंभर वर्षे होताना, महाराष्ट्राने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. २०१८ च्या नियमांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी मुलाची पहिली चाळणी शाळेतल्या शिक्षकानेच करायची, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ. प्रमाणपत्र आठव्या वर्षी, पुन्हा चौदाव्या, पुन्हा अठराव्या. ‘डाली’ या नावाच्या चाचण्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली तयार केल्या. त्या मराठीतही आहेत, आणि त्यांतली पहिली चाळणी शिक्षकासाठीच आहे.

कागदावर सारे चोख. पण ज्या शिक्षकाने ही चाळणी करायची त्याच्यासमोर चार इयत्ता एका खोलीत बसलेल्या असतात, आणि मी पाहिलेल्या कोणत्याही शाळेच्या कपाटात ती चाळणी मला आढळली नाही. मूल निघालेच, तर बापाने मजुरी बुडवून, घाट ओलांडून मोठ्या दवाखान्यात खेपा घालायच्या. एका खेपेत हे काम होत नाही. आणि एवढे करून हाती काय? दहावीच्या पेपरात जादा वेळ! ज्याला वाचताच येत नाही त्याला प्रश्नपत्रिका आणखी काही वेळ धरून बसण्याची मुभा. सवलतींना माझा विरोध नाही. ज्याला हवी त्याला त्या मिळाल्याच पाहिजेत. पण आपण दहावीचा दरवाजा रुंद केला आणि पहिली ते चौथीचा रस्ता तसाच खड्ड्यांचा ठेवला. प्रमाणपत्र मिळाल्यावर शिकवू, असे म्हणणारी शाळा मला वैद्याच्या चिठ्ठीशिवाय पाणी न देणाऱ्या माणसासारखी वाटते.

माझे म्हणणे उलटे आहे. आधी शिकवा, मग तपासा. तिसरीत जी जी मुले अडली आहेत, मग ती स्थलांतराने असोत, भाषेने असोत की शब्दांधतेने, त्या सर्वांना दिवाळीनंतर रोज अर्धा-पाऊण तास चार-पाचच्या गटात बसवून कान, हात आणि डोळा यांच्या या पद्धतीने शिकवा. न शिकवलेले मूल दोन-तीन महिन्यांत भराभर पुढे सरकेल. कोकणा घरातले मूल, त्याच्या भाषेचा मान राखला तर, सरकेल. जे इतके करूनही त्याच ओळीत अडून राहील, ते आपले शब्दांध मूल. त्याला घेऊन तज्ज्ञाकडे जा. हे औषध चुकून भलत्या रोग्याला दिले तरी अपाय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. यासाठी प्रत्येक शाळेला तज्ज्ञ नको. केंद्रशाळेगणिक एक शिक्षक या कामात नीट तयार केला आणि त्याला जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते भरणे यांतून मोकळे ठेवले तर पुरे. हे शेवटचे कलम सर्वांत महाग पडेल, याची मला कल्पना आहे.

तुमच्यापैकी जे शहरात राहतात त्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. तिकडे या दुखण्यावर बाजार बसला आहे. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, खास वळणाचे टंक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ संस्थांनी २००९ साली एकत्र सांगितले की, असल्या काचांनी आणि व्यायामांनी वाचन सुधारते याला पुरावा नाही. खास टंकाचीही गोष्ट फारशी निराळी नाही. उपयोग दिसला तो अगदी फुकटच्या गोष्टीचा: २०१२ सालच्या एका प्रयोगात इटालियन आणि फ्रेंच मुलांना अक्षरांमधले अंतर वाढवून मजकूर दिला, तर ती लगेच बरी वाचू लागली. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी पाडून ती पानावर सरकवीत नेली तर एवढ्या ओळींच्या गर्दीतून मुलाला एकच ओळ दिसते. पुठ्ठा तुमच्या फराळाच्या खोक्याचाही चालेल.

आणि तो सिनेमा! २००७ च्या ‘तारे ज़मीन पर’ने हा शब्द घरोघर नेला, त्याचे उपकार आहेत. पण त्याने एक गैरसमजही ठेवून दिला: असे प्रत्येक मूल म्हणजे दडलेला चित्रकार. आई-बाप आता विचारतात, “याच्यात काय विशेष आहे?” अहो, काही विशेष नसेल! ज्याला वाचता येत नाही आणि चित्रही काढता येत नाही, अशा साध्या मुलाने कोणाच्या दारात जावे? वाचायला शिकवून घेण्यासाठी अलौकिक असण्याची अट कोणी घातली?

लेखकमंडळींनाही या फिर्यादीत साक्षीला बोलवावे लागेल. छापील अक्षर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तके ऐकण्याजोगी करता यावीत, म्हणून आपल्या लेखाधिकार कायद्यात २०१२ साली मुभा आली आणि २०१४ साली भारत माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश ठरला. पहिला! तरी आमच्या तालुक्यातल्या नववीच्या मुलीला आपल्या आवडीची मराठी कादंबरी ऐकायची असेल तर ती सहज मिळत नाही. मोबाइल तिच्या घरी आहे. दिवाळी अंकांत मानधनाच्या रकमांवर आम्ही तावातावाने बोलतो. एक कादंबरी स्वतःच्या आवाजात वाचून ठेवायला कितीसे दिवस लागतात? माझी मी सुरू केली आहे. आवाज काही खास नाही, मध्ये कोंबडाही आरवतो.

२०२३ साली राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. ज्यांना मुलांचे बरे व्हावे असे वाटते, अशा कित्येकांनी तिचे स्वागत केले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जे मूल पाचवीत अडणार आहे, ते आज तिसरीच्या वर्गात बसलेले आहे. सुट्टी संपेल, शाळा उघडेल, त्या आठवड्यात हजेरीपटावरची काही नावे द्राक्षबागेत असतील. जी मुले हजर असतील त्यांच्यापुढे पुस्तकातला मधलाच एक शब्द ठेवून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.